रॉक आणि अल्टरनेटिव्ह: फरक कानाने कसा ओळखायचा (पुण्यातल्या नव्या श्रोत्यांसाठी)

सुरुवातीलाच मुद्द्याचं सांगतो. रॉक ही एक वाजवायची पद्धत आहे, तिचा आवाज ठरलेला आहे, ठेका ठरलेला आहे, गिटारचा मान ठरलेला आहे. अल्टरनेटिव्हचं तसं नाही. त्याचा एकच असा आवाज नाहीये, ते रॉकच्याच घरात जन्मलं आणि घरातल्या काही गोष्टी नको म्हणून बाजूला ठेवून मोठं झालं. त्यामुळे रॉक ओळखायचं तर गाण्यात काय आहे ते ऐकायचं, आणि अल्टरनेटिव्ह ओळखायचं तर गाण्यातून काय गाळलंय ते ऐकायचं. एवढं एक धरून ठेवलंत की खालच्या पायऱ्या सोप्या आहेत. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मात्र समजू नका, बहुतेक अल्टरनेटिव्ह बँड हे रॉक बँडच असतात, फक्त सगळे नाही, ते पुढे येईलच.

पायरी १: आधी जुनं रॉक नीट ऐका

हे टाळून थेट निर्वाणा या नव्वदच्या दशकातल्या अल्टरनेटिव्ह बँडवर उडी मारणारे खूप जण दिसतात, आणि मग "यात वेगळं काय आहे" असं विचारतात. वेगळं कळायला आधीचं माहीत पाहिजे ना. आणि कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यावर बेस गिटार ऐकूच येत नाही, आणि फरकाचा मोठा भाग बेस आणि ड्रम्समध्येच लपलेला असतो. साधा वायरवाला इअरफोनसुद्धा पुरतो. कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जात असाल तर जाता-येता एकेक अख्खा अल्बम होतो, पण टू-व्हीलरवर असाल तर कानात काहीही घालायचं नाही, घरी पोचून निवांत ऐका.

रॉक अँड रोल १९५० च्या दशकात अमेरिकेत उभं राहिलं, ब्लूज, रिदम अँड ब्लूज आणि कंट्री हे त्याचे मूळ झरे. चक बेरीचं १९५८ चं 'जॉनी बी. गुड' लावा, पहिल्या काही सेकंदात गिटार एकटीच येते आणि तिथेच सांगून टाकते की या गाण्यात राज्य माझं आहे. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी हेच संगीत उचललं, बीटल्स आले, रोलिंग स्टोन्स आले, मग १९६८ मध्ये लेड झेपलिन जमली, १९७० मध्ये ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला आणि सगळं जड, मोठं, जोरकस होत गेलं.

आता तीन गाणी, याच क्रमाने.

एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक', १९८०. रिफ ऐका. रिफ म्हणजे गिटारचा तो छोटा तुकडा जो पुन्हा पुन्हा येतो आणि गाणं संपल्यावरही डोक्यात वाजत राहतो. इथे तीनच कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) आहेत, पण त्यांच्या मधली मोकळी जागा ऐका, ड्रम्स सरळसोट चाललेत, गिटार थांबते, पुन्हा येते, आणि त्या थांबण्यामुळेच मान आपोआप हलायला लागते. मग डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', १९७२ च्या अल्बमवरचं. हे पुण्यातल्या जवळपास प्रत्येक गिटार क्लासमध्ये सुरुवातीलाच शिकवतात त्यामुळे तुम्ही ते नाव न कळता शंभर वेळा ऐकलं असेल. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावातला कसिनो जळाला, त्याचा धूर जिनिव्हा तलावावर पसरलेला बँडने पाहिला, त्याचं हे गाणं. आणि तिसरं लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन', १९७१, आठ मिनिटांचं. हे घाईत ऐकू नका. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि बासरीसारखे रेकॉर्डर आहेत, ड्रम्स तर चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात, आणि मग शेवटाकडे गिटारिस्ट जिमी पेजचा सोलो, म्हणजे गाणं थांबवून गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवलेला तुकडा. पूर्ण गाणं त्या सोलोकडे चढत जातं.

या तिन्हींमधून काय लक्षात ठेवायचं? ठसठशीत रिफ, ब्लूजमधून आलेले सूर, उंच पट्टीत ताकदीने गाणारा गायक, गिटारचा सोलो, आणि वाजवणाऱ्यांचं कौशल्य लपवून न ठेवता समोर मांडणं. रॉकमध्ये वाजवणारा "बघा माझा हात" असं म्हणतो आणि त्यात काही चूक नाही, उलट मला तो आनंद फार आवडतो. ज्यांना सवाईत तबल्याची तयारी ऐकून दाद द्यावीशी वाटते त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

पायरी २: पंक, पटकन

इथे फार वेळ घालवू नका, पण गाळू पण नका. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम आला, १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. मोजके कॉर्ड, प्रचंड वेग, सोलोला जागाच नाही. म्हणणं एवढंच की गाणं करायला उस्ताद व्हावं लागत नाही. अख्खा अल्बम एका बैठकीत ऐका, आवडला नाही तरी चालेल, कारण अल्टरनेटिव्हवाल्यांना "हे नको" म्हणायची हिंमत इथूनच मिळाली.

पायरी ३: ऐंशीच्या दशकातली, गाळायला शिकलेली माणसं

आता खरा विषय. १९८० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजांचे स्वतःचे छोटे रेडिओ होते, विद्यार्थीच चालवायचे, आणि मोठे स्टेशन जे लावत नाहीत ते तिथे लागायचं. इंग्लंडमध्ये छोट्या स्वतंत्र कंपन्या रेकॉर्ड काढायच्या, त्यांच्यासाठी १९८० पासून विक्रीची वेगळी यादीच निघायला लागली. पैसा कमी, स्टुडिओ साधा, पण कोणी मानेवर बसलेलं नाही. आपल्याकडची उपमा द्यायची तर बालगंधर्वला लागणारं व्यावसायिक नाटक आणि सुदर्शन रंगमंचावर शंभरेक लोकांसमोर होणारं प्रायोगिक नाटक. दोन्हीकडे नाटकच आहे, नटही कधी कधी तेच असतात, पण छोट्या जागेत नेपथ्य कमी, टाळीची वाक्यं कमी, आणि प्रेक्षकाने स्वतः काहीतरी जोडून घ्यायचं असतं.

आता कोणी काय गाळलं ते एकेक ऐका.

मँचेस्टरची द स्मिथ्स, 'धिस चार्मिंग मॅन', १९८३. जॉनी मारची गिटार जड रिफ वाजवतच नाही, तारा सुट्या सुट्या छेडत सतत झुळझुळत राहते, आणि हा माणूस सोलो जवळपास घेतच नाही, एवढा तयारीचा हात असून. म्हणजे इथे सोलो गाळला.

जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावची आर.ई.एम., पहिला अल्बम 'मर्मर', १९८३. गायक काय म्हणतोय ते निम्मं कळत नाही, आवाज पुढे न आणता वाद्यांत मिसळलाय. म्हणजे गायकाचा हिरोपणा गाळला. याच बँडचं १९९१ चं 'लूझिंग माय रिलिजन' तुम्ही नक्की ऐकलं असेल, त्यात मुख्य वाद्य आहे मँडोलिन, आणि रेडिओवर जगभर गाजलेल्या या गाण्यात नेहमीसारखं धृपद शोधून सापडत नाही.

सॉनिक यूथ, न्यूयॉर्क, 'डेड्रीम नेशन', १९८८. यांनी गिटारचं ट्यूनिंगच बदललं, प्रत्येक गाण्याला वेगळं, तारांमध्ये स्क्रूड्रायव्हर नि ड्रमस्टिक अडकवून वाजवलं. पहिल्यांदा ऐकताना बेसूर वाटेल, वाटू दे, दुसऱ्यांदा ऐका, त्या खणखणाटात एक सुंदर चाल लपलेली असते.

आणि पिक्सीज. बॉस्टनचा हा बँड माझा फार लाडका आहे त्यामुळे थोडं जास्त लिहितो. १९८९ च्या 'डूलिटल' अल्बमवरचं 'टेम' लावा, दोन मिनिटांपेक्षा छोटं आहे. कडव्यात नुसता बेस, ड्रम्स आणि कुजबुज, आणि मग एकदम भिंत कोसळावी तशी किंचाळी आणि गिटार, परत कुजबुज, परत किंचाळी. जुन्या रॉकमध्ये गाणं हळूहळू चढत जायचं, 'स्टेअरवे'त ऐकलंत ना, इथे मधल्या पायऱ्याच काढून टाकल्यात. ही शांत-दणका-शांत पद्धत पुढे इतक्या जणांनी उचलली की नव्वदच्या दशकातली निम्मी गाणी तिच्यावर उभी आहेत असं मला वाटतं, आणि निर्वाणाच्या कर्ट कोबेनने तर मुलाखतीत सरळ कबूल केलं होतं की मी पिक्सीजची नक्कल करायचा प्रयत्न करत होतो.

पायरी ४: सप्टेंबर १९९१, शेजारी शेजारी ठेवून

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, हिच्यासाठी एक मोकळी संध्याकाळ ठेवा.

१७ सप्टेंबर १९९१ ला गन्स अँड रोझेसचे 'यूज युअर इल्यूजन' नावाचे दोन अल्बम एकाच दिवशी आले, दोन्ही मिळून ३० गाणी. बरोबर आठवड्याने, २४ सप्टेंबरला, निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. देश तोच, महिना तोच, आणि गंमत म्हणजे कंपनीसुद्धा तीच, गेफेन, निर्वाणाचा अल्बम तिच्याच डीजीसी नावाच्या शाखेने काढला. म्हणजे तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

आधी 'नोव्हेंबर रेन'. जवळपास नऊ मिनिटं, पियानो, तारवाद्यांचा मोठा साज, आणि गिटारिस्ट स्लॅशचे एकाहून जास्त सोलो. प्रत्येक सोलो गाण्याची चाल सोडून स्वतःची वाट काढतो आणि भावना वर नेऊन ठेवतो. डोळे मिटून ऐका, भव्य आहे.

लगेच 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. चार कॉर्ड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच चार. कडव्यात गिटार नुसते दोन सूर टपटप टाकते, बेस गाणं चालवतो, मग दणका. आता सोलोपर्यंत थांबा आणि नीट ऐका, कोबेन सोलोमध्ये गायलेली चालच जवळजवळ जशीच्या तशी गिटारवर वाजवतो. काही कसरत नाही. रॉकमध्ये जिथे गिटारिस्टने सगळ्यात उंच उडायचं तिथे हा माणूस उडायचं नाकारतो. हे एकदा कानाला कळलं ना की फरक कोणी समजावून सांगायला लागत नाही.

आणखी एक बघा, व्हिडिओत. स्लॅशची ओळख म्हणजे लेस पॉल, रॉकची राजेशाही गिटार. कोबेनच्या हातात फेंडर मस्टँग, जी मुळात शिकणाऱ्यांसाठी काढलेली स्वस्तातली गिटार होती. निर्वाणाचा आधीचा अल्बम 'ब्लीच', १९८९ चा, सिॲटलच्या सब पॉप या छोट्या कंपनीने काढला होता आणि त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च अल्बमवरच छापलाय, सुमारे ६०६ डॉलर. 'नेव्हरमाइंड' मात्र चकचकीत, व्यवस्थित मिक्स केलेला आहे, तोही फरक कान देऊन ऐका.

जानेवारी १९९२ मध्ये 'नेव्हरमाइंड'ने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीतल्या पहिल्या नंबरवरून खाली आणलं. आणि इथून पुढे घोळ सुरू होतो, कारण बाजूला उभं असलेलं संगीतच आता मधोमध आलं. मोठ्या कंपन्यांनी धडाधड बँड साइन केले, सगळ्यांवर अल्टरनेटिव्हचा शिक्का. म्हणून १९९१ नंतरच्या गाण्यांसाठी "कंपनी छोटी की मोठी" ही खूण चालत नाही, तिच्यावर अवलंबून राहू नका.

१९९१ चाच पर्ल जॅमचा 'टेन' घ्या. शिक्का अल्टरनेटिव्ह, शहर सिॲटल, पण 'अलाइव्ह'चा शेवट ऐका, माइक मॅकक्रेडी लांबलचक सोलो घेतो आणि तो थेट सत्तरच्या दशकातल्या रॉकचा वारसा आहे. माझ्या मते पर्ल जॅम हा रॉक बँडच आहे, अल्टरनेटिव्हच्या काळात जन्मलेला. सिॲटलच्याच साउंडगार्डन या बँडमध्ये ब्लॅक सबाथ सरळ ऐकू येतो. यावर लोक भांडतील, भांडू दे, तुम्ही गाणं लावून दाखवा.

पायरी ५: गिटारच नसलेलं अल्टरनेटिव्ह

इथे नव्या श्रोत्यांची सगळ्यात जास्त गडबड होते. रेडिओहेडचं १९९२ चं 'क्रीप' ऐकलं असेल, धृपदाच्या आधी गिटार खर्र खर्र करून झटका देते ते. आता त्याच बँडचा २००० सालचा 'किड ए' लावा. पहिल्याच गाण्यात गिटार नाही, कीबोर्ड आणि तोडून-जोडून वापरलेला गायकाचा आवाज. हे रॉक आहे का? वाजवायच्या पद्धतीवरून बघाल तर नाही. पण याच अल्बमला अल्टरनेटिव्हचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे गाळता गाळता या लोकांनी रॉकच गाळून टाकलं आणि तरी ते अल्टरनेटिव्ह राहिलं. ब्योर्क, पोर्टिसहेड, डिपेश मोड हेही याच रांगेतले, रॉक म्हणून ऐकायला गेलात तर निराश व्हाल, तसं ऐकूच नका.

ग्रॅमीने हा विभाग १९९१ पासून सुरू केला, पहिला पुरस्कार शिनेड ओ'कॉनरला जाहीर झाला आणि तिने तो नाकारला. त्याआधी १९८८ मध्ये बिलबोर्डने अशा गाण्यांची वेगळी यादी सुरू केली होती, तिचं नाव होतं मॉडर्न रॉक, २००९ मध्ये ते बदलून अल्टरनेटिव्ह केलं. याद्या करणाऱ्यांनाच नाव बदलावं लागतं म्हटल्यावर ॲपवरच्या लेबलवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

एक कामाची सवय लावून घ्या, प्रश्न बँडबद्दल विचारू नका, गाण्याबद्दल विचारा. यूटू रॉक की अल्टरनेटिव्ह, याला उत्तर नाही. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री'ला वेगळं उत्तर येईल, १९९१ च्या 'अख्तुंग बेबी'ला वेगळं. गाणं लावलं की बघायचं, रिफवर उभं आहे की वातावरणावर, सोलो आहे का आणि असला तर चालीबाहेर जातो का, गायक वरून गातोय की वाद्यांच्या आतून, धृपद लगेच हाताला लागतं का. बहुतेक गाणी कुठेतरी मध्ये पडतील आणि तेच बरोबर आहे.

पायरी ६: हातात गिटार असेल तर

ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी ही सोडली तरी चालेल. डी आणि जी या दोन तारा एकत्र छेडा: मोकळ्या, ३, ५, मग मोकळ्या, ३, ६, ५, मग मोकळ्या, ३, ५, ३, मोकळ्या. हा झाला 'स्मोक ऑन द वॉटर'. डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर हे पिकने नाही, बोटांनी दोन्ही तारा एकदम ओढून वाजवतो, तसं करून बघा, आवाज लगेच खरा वाटतो. मग निर्वाणाचं 'कम ॲज यू आर' काढा, सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या, रिफ फक्त दोन जाड तारांवर, शेजारशेजारच्या पडद्यांवर, एकेक सूर. कोरस पेडल असेल तर लावा, तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज त्याचाच आहे. पहिल्या रिफमध्ये हात दाबून जोर लावावासा वाटतो, दुसऱ्यात जोर लावला की गाणं बिघडतं, हे बोटांना आपोआप कळतं.

पायरी ७: पुण्यात, प्रत्यक्ष

रेकॉर्डवर ऐकून अर्धंच कळतं, बाकीचं स्टेजसमोर उभं राहिल्यावर. आणि आपलं शहर यात अजिबात मागे नाही, एनएच७ वीकेंडर हा देशातला एवढा मोठा फेस्टिव्हल २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. अग्नी हा पुण्याचा बँड, हिंदी रॉक, मोठी चाल, गिटार समोर, त्यांच्यावर पायरी १ चे कान लावा. ईझी वाँडरलिंग्ज हाही पुण्याचाच, त्यांचा २०१७ चा 'ॲज रिटन इन द स्टार्स' ऐका, मऊ, स्वप्नाळू, कोणीच कोणावर कुरघोडी करत नाही, इथे पायरी ३ चे कान लागतात. लागोपाठ ऐकलेत तर परदेशातली उदाहरणं न घेताही फरक कळेल. मुंबईच्या पेंटाग्रामने रॉकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स घातलं, दिल्लीचा इंडियन ओशन तर कुठल्याच डब्यात बसत नाही, त्यांचा २००० चा 'कंदिसा' घरी असायलाच हवा. आणि अभंग गिटार-बेस-ड्रम्सवर ऐकायचे असतील तर अभंग रिपोस्ट, आईबाबांनाही सोबत नेता येईल असा कार्यक्रम असतो.

मुंबईला जायची तयारी असेल तर महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा होतो. हा मूळचा अमेरिकेतला, जेन्स ॲडिक्शनच्या पेरी फॅरेलने १९९१ मध्ये सुरू केलेला, अल्टरनेटिव्ह बँड गावोगावी नेणारा मेळा. इथे पहिल्याच वर्षी द स्ट्रोक्स येऊन गेले. कॉलेजात असाल तर फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमींना जाऊन बसा, लाइव्ह बँड बसवताना कुठलं वाद्य काढलं की प्रसंग उठतो यावर तिथे जी चर्चा चालते ती ऐकण्यासारखी असते.

गिगला जाताना काही गोष्टी. इअरप्लग न्या, मेडिकलमध्ये फोमचे स्वस्तात मिळतात, कान एकदा गेले की परत येत नाहीत. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांसाठी वेळेवर पोचा, नवीन काही सापडलं तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. अगदी पुढे स्पीकरला चिकटून उभं राहू नका, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा, सगळी वाद्यं तिथे समतोल ऐकू येतात कारण तो स्वतः तिथूनच ऐकून आवाज लावत असतो. मोबाईलवर एखादं गाणं रेकॉर्ड करा आणि मग खिशात ठेवा. आणि बँड सामान आवरत असताना गिटारिस्टला जाऊन बिनधास्त विचारा की या गाण्यात सोलो का नाही घेतला, पायाखाली कुठलं पेडल होतं. छोट्या जागी वाजवणारी मुलं यावर मनापासून बोलतात, आणि दोन गाण्यांची नावं सांगतात जी कुठल्याच ॲपने तुम्हाला सुचवली नसती.